दगड जपावेत ते कोणासाठी?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा सण जवळ आला होता आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील तीसएक मुलांना घेऊन आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. वसईत जन्मलेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण देणारा हा आपला संत लहानपणी ज्या वाटांवरून हिंडला असेल, त्या वाटा मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात एवढाच आमचा हेतू होता. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील थडग्यांवरचे लेख पाहून झाले, छप्पर हरवलेल्या भिंतींमधून दिसणारे आकाश पाहून झाले, शिदोऱ्या सोडण्याची वेळ झाली. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा खाली वाकला, त्याने मातीतून काहीतरी उचलले आणि सदऱ्याला पुसून खिशात टाकले.

आम्ही त्याला जवळ बोलावले. खिशातून निघाला तो चिनी मातीच्या बशीचा एक तुकडा; आंब्याच्या कोयीपेक्षाही लहान, पांढऱ्यावर निळ्या रेघांची नक्षी असलेला. शिक्षकाला शोभेल अशा करड्या आवाजात आम्ही म्हणालो, "याला चोरी म्हणतात, ठाऊक आहे ना?" मुलगा गोंधळला, पण घाबरला नाही. "सर, पण चोरी कोणाची? ज्याची बशी होती तो तर केव्हाच मेला." आम्ही म्हणालो, "किल्ला सरकारच्या ताब्यात आहे." त्याने क्षणभर विचार केला आणि सरळ मनाने विचारले, "आमच्या विहिरीवर रहाटाच्या खांबाखाली किल्ल्याचाच घडीव दगड आहे. आजोबा सांगतात, त्यांच्या आजोबांनी तो बैलगाडीतून आणला. मग तोही परत आणून ठेवायचा का?"

मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. कारण आमच्या स्वतःच्या घराच्या पायरीला तसाच एक दगड आहे. ही गोष्ट आम्ही त्या दिवशी मुलांना सांगितली नाही. ती आज येथे सांगत आहोत, कारण त्या मुलाच्या दोन प्रश्नांची उत्तरे तेव्हा आमच्यापाशी नव्हती, आणि ती शोधण्यात गेलेली वर्षे आमच्या उपयोगी पडली आहेत.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा संरक्षित वास्तूची नासधूस करण्यास मनाई करतो. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू कोणाला सापडली तर त्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार आणि निर्यात यांवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध घातले. एवढेच नव्हे, तर १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हेही एक कर्तव्य आहे. हे सारे आम्ही पुढच्या रविवारी वर्गात सांगितले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. पण दंडाची रक्कम सांगून मुलाचा हात थांबतो तो रखवालदार पाहत असेपर्यंतच. पाठ वळली की काय, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही.

वाचकहो, तो मुलगा जे विचारत होता त्यामागे तीन आक्षेप आहेत, आणि ते तिन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, मेलेल्या माणसाची मालकी उरत नाही. मग त्याच्या वस्तूची चोरी कशी होणार? दुसरा असा की, जिवंत माणसाची गरज मोठी की दगड? ज्याला विहिरीला कठडा हवा होता त्याने पडक्या भिंतीचा दगड आणला, तर बिघडले कोठे? तिसरा आक्षेप मुलाला सुचला नव्हता. पण आपण श्रद्धावंतांनी तो स्वतःला विचारायला हवा. यरुशलेमच्या मंदिराच्या भव्य चिऱ्यांकडे शिष्यांनी बोट दाखवले तेव्हा, येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे प्रभू येशूने सांगितले होते. जे नाहीसेच व्हायचे त्याचा इतका मोह कशाला?

पहिल्या आक्षेपापासून आरंभ करू. मुंबईच्या बंदरातील घारापुरीची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ती कोणी कोरविली, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. विद्वान शैलीवरून, नाण्यांवरून तर्क करतात, कलचुरी राजांचे नाव घेतात. पण लेण्यांनी स्वतः आपले नाव सांगितलेले नाही. असे का व्हावे? सोळाव्या शतकात तेथे एक कोरलेला शिलालेख होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने लिहून ठेवले आहे की, तो शिलालेख काढण्यात आला, येथे तो कोणाला वाचता आला नाही, म्हणून तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तेथेही कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो नाहीसा झाला. ज्यांनी तो काढला त्यांना तो बहुधा केवळ एक नवलाची वस्तू वाटला असेल. परंतु त्या एका दगडाबरोबर कित्येक शिल्पकारांची, त्यांच्या आश्रयदात्याची, त्यांच्या काळाची साक्षच नाहीशी झाली. ते सारे मेलेलेच होते. तरीही त्यांच्यापासून काहीतरी हिरावले गेले, असे आपल्याला वाटल्यावाचून राहत नाही.

आता याच्या उलट दुसरा दगड पाहा. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचीही वस्ती असलेल्या, वसई तालुक्यातील भुईगावात १९५६ साली एक कोरीव शिळेचा तुकडा सापडला. तो सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा भाग निघाला. आठव्या लेखाचा तुकडा त्याआधी, १८८२ साली, सोपाऱ्यास मिळालाच होता. हे दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वी अडीचशे वर्षांच्या सुमारास कोरलेली अक्षरे आपल्या भूमीत दोन हजारांहून अधिक वर्षे पडून होती. मधल्या काळात ती लिपी वाचणारा माणूसच उरला नव्हता. ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेपने उलगडले ते १८३७ साली. तोवर कित्येक पिढ्यांना तो निव्वळ रेघोट्यांचा धोंडा वाटला असेल. कोणी त्याचा पाटा केला असता, कोणी तो पायात घातला असता, तर आपले काही गेले असेही त्याला वाटले नसते.

घारापुरीचा दगड आणि भुईगावचा दगड यांची तुलना करताना आम्हाला त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. आपल्याला वाचता येत नाही म्हणून एखादी गोष्ट अर्थहीन ठरत नाही. तिचा वाचक अजून जन्मला नसेल. मेलेल्या माणसाला बशीवर हक्क सांगता येत नाही, हे खरे. परंतु आपण होतो, अशा रीतीने जगलो, हे सांगण्याची त्याची एकमेव वाट त्या तुकड्यातून जाते. आणि जो अजून जन्मलेला नाही, त्यालाही ती साक्ष ऐकण्याचा अधिकार आहे. साक्ष देणारा आणि साक्ष ऐकणारा हे दोघेही आज येथे हजर नाहीत. अनुपस्थितांचे जे आपल्या हाती आले आहे ते आपले नव्हे, हे कारभाऱ्यांच्या दाखल्यांतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाने विचारले, "चोरी कोणाची?" उत्तर असे की, जो बोलून गेला त्याची आणि जो ऐकायला येणार आहे त्याची.

येथे कोणी म्हणेल की शिलालेखाचे ठीक आहे, पण बशीचा टीचभर तुकडा काय सांगणार? त्यासाठी सोपाऱ्याच्या स्तूपाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली. जुनागढचा हा विद्वान कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता. पण त्याची नजर आणि त्याची टिपणे दोन्ही चोख होती. टेकडीच्या पोटात एक दगडी करंडक मिळाला. त्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, अशी ते ठेवणाऱ्यांची श्रद्धा होती. सोने, चांदी आणि स्फटिक हे सारे त्या खापरांच्या रक्षणासाठी होते. सामान्य चोराने सोने नेले असते आणि खापरे फेकून दिली असती.

त्याच करंडकांबरोबर सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे मिळाले आणि आठ लहान कांस्यमूर्तीही मिळाल्या. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, मूर्ती मात्र कित्येक शतकांनंतरच्या. या वस्तू एकाच जागी, एकमेकींच्या सोबतीत सापडल्या आणि तशाच नोंदविल्या गेल्या, म्हणूनच तो स्तूप मध्यंतरी केव्हातरी पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात, असे अनुमान काढता आले. त्याच वस्तू एकेक करून बाजारात आल्या असत्या तर मूर्ती मूर्ती राहिली असती, नाणे नाणे राहिले असते, गोष्ट मात्र हरवली असती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ साली तेथे झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझची चार शिल्पे मिळाली: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. भारतातील प्राचीन धातुकामाचे ते अपूर्व नमुने मानले जातात. परंतु शास्त्रशुद्ध उत्खननात, अमुक थरात, अमुक वस्तूंच्या सोबत अशी ती मिळाली नाहीत. आणि म्हणून त्यांचा काळ कोणता, यावर विद्वानांत मतभेद झाले. दोष त्या शेतकऱ्याचा मुळीच नाही. तो आपले काम करीत होता. पण मातीपासून वेगळी झालेली वस्तू अर्धी मुकी होते, हे यावरून मुलांना चांगले कळते.

प्रभूच्या दाखल्यातील शेतात लपविलेल्या ठेवीची गोष्ट आम्ही या संदर्भात वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने बिनतोड शंका काढली: "सर, तो माणूस तर ठेव सापडल्यावर पुन्हा लपवून ठेवतो; कोणाला सांगत नाही!" दाखल्यात वाखाणणी आहे ती सर्वस्व विकण्याच्या त्याच्या तयारीची, लपविण्याची नव्हे, असे आम्ही तिला सांगितले. पण घरी परतताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. त्या माणसाने ठेव खणून पळविली नाही. त्याने ती जेथल्या तेथे ठेवली आणि सगळे शेत विकत घेतले. ठेवीचे मोल शेतासकट असते, एवढे तरी त्याला कळले होते. आम्ही काही भाष्यकार नव्हे. परंतु मुलांना हा मुद्दा पटला.

आता दुसरा आक्षेप: जिवंत माणसाची गरज. हा आक्षेप झटकून टाकणे ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडविण्यासाठी चर्चमधील पवित्र पात्रे वितळवून त्यांचे सोने खंडणीत दिले. लोकांनी टीका केली, तेव्हा चर्चला सोने असते ते साठविण्यासाठी नव्हे, गरजवंतासाठी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. माणूस आणि पात्र यांत निवड करायची वेळ आली तर निवड माणसाची. त्याविषयी शंका नको. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता येथून गेली. पुढच्या काळात ज्याला झोपडीच्या पायाला दगड हवा होता त्याने ओस इमारतीचा दगड उचलला असेल, तर त्याला गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्या मुलाच्या खापरपणजोबांना तर नाहीच नाही.

परंतु खरे बोलायचे तर आजची आपली निवड अशी असते का? किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे आणि मैत्रिणीचे नाव कोरणाऱ्या तरुणाची कोणती भूक त्यामुळे भागते? आणि आपण मोठ्यांनी काय केले? एका धर्मग्रामातील जुनी कोरीव लाकडी वेदी आम्ही लहानपणी पाहिली आहे. द्राक्षवेलीची नक्षी, दोन्ही बाजूंना देवदूत, आणि कोपऱ्यात सुताराने स्वतःच्या हौसेने कोरलेले केळफूल. नूतनीकरणाच्या उत्साहात ती उतरविली गेली, काही दिवस पडवीत पावसात भिजली आणि मग जुना माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला दिली गेली. त्या पैशांतून कोणी कैदी सुटला नाही; पंखे आले. ती वेदी उतरविताना दोरी धरणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या वेळी कोणी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे नाव घेतले होते. प्रत्यक्षात त्याच परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, देवघराला शोभा आणणाऱ्या मौल्यवान वस्तू हातच्या जाऊ नयेत म्हणून दक्ष राहण्यास सांगितले आहे. इतकेच काय, धर्मगुरू होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना पवित्र कलेचा इतिहास शिकवावा, म्हणजे चर्चच्या पूज्य वास्तूंची त्यांना कदर राहील आणि त्या जपता येतील, असेही म्हटले आहे. शिकविल्यावाचून जपणूक होत नाही, हे परिषदेला ठाऊक होते. आम्हाला ते केळफूल गेल्यावर कळले.

तिसरा आक्षेप उरला. चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे सांगणाऱ्या प्रभूने त्याच नगरीकडे पाहून अश्रू ढाळले होते, हे आपण विसरता कामा नये. नाशिवंत वस्तूवर प्रेम करू नये, असे त्याने शिकविले नाही. तिला देव मानू नये, असे शिकविले. आणि पाच हजारांचा समुदाय जेवून तृप्त झाल्यावर त्यानेच शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले, कशाचाही नाश होऊ नये म्हणून. पोट भरल्यानंतरच्या तुकड्यांची कोणाला गरज होती? तरीही बारा टोपल्या भरल्या. जुन्या करारात यहोशवाने यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले, ते पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा आणि वडिलांनी तो सांगावा म्हणून. म्हणजे दगड ठेवणे हे अर्धेच काम झाले. विचारणारे मूल आणि सांगणारा बाप असेल, तर ते पुरे होते.

येथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. जपायचे ते कोणाचे? आपल्या पूर्वजांचे तेवढेच का? सोळाव्या शतकात या किनाऱ्यावरील कित्येक मंदिरे पोर्तुगीज अमलाखाली जमीनदोस्त झाली, हा इतिहास आहे. तो मुलांपासून लपवून त्यांना वारसा शिकविता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, वसईच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि त्या देवळांत टांगल्या, असे परंपरा सांगते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्धच आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. वर्गात याविषयी बोलताना एक मुलगा आवेशाने म्हणाला, "आपण ती परत मागितली पाहिजे!" आम्ही त्याला एवढेच विचारले, "इतकी वर्षे ती कोणी सांभाळली? आणि तिच्यावरची मरियेची आकृती कोणी खरवडून काढली का?" तो विचारात पडला. लूट ही लूटच. तिला दुसरे नाव देऊ नये. पण ज्यांनी ती घंटा आपली मानून जपली त्यांनी नकळत आपलेही काहीतरी जपले. भुईगावची शिळा बौद्ध सम्राटाची, घारापुरीची लेणी शिवाची, किल्ल्यातील थडगी पोर्तुगीजांची. आपल्या घटनेने 'संमिश्र' हा शब्द उगाच वापरलेला नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा त्याच्या पूर्वजांनाही लागू होत असावी.

भुईगावच्या त्या नवव्या लेखात अशोक काय म्हणतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मुलाच्या जन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडेच. खरा मंगलविधी म्हणजे दासांशी आणि चाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे, असा त्याचा आशय आहे. लग्नांत वारेमाप खर्च करणाऱ्या आपल्या समाजाला, आपल्याच मातीतून निघालेला हा उपदेश लागू पडतो की नाही, ते वाचकांनीच ठरवावे. तो दगड कोणी पायात घातला असता, तर हा शेजारी आपल्याशी कधी बोललाच नसता.

मग मुलांना नेमके शिकवायचे काय? आमच्या अनुभवाने तीनच गोष्टी. पहिली, हात आवरणे. पुरातत्त्वज्ञ स्वतः सांगतात की उत्खनन म्हणजे एका अर्थी विध्वंसच. जो थर खणला तो पुन्हा रचता येत नाही, म्हणून पुष्कळदा स्थळाचा काही भाग पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी न खणता राखून ठेवतात. ज्याला खणण्याचा अधिकार आहे तोही जर हात आवरतो, तर आपण किती आवरावा? उपवासकाळात जिभेला जे शिकवितो तेच येथे हाताला शिकवायचे. दुसरी गोष्ट, नोंद करणे. वस्तू जेथे असेल तेथेच राहू द्यावी. तिचे चित्र काढावे, माप घ्यावे, जागा आणि तारीख लिहावी. चित्र काढताना मूल जितके पाहते तितके खिशात टाकताना पाहत नाही. आणि तिसरी गोष्ट, कळविणे. शेतात, पायात, विहिरीत काही निघाले तर घरच्या मोठ्यांना, शाळेत, तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व खात्यास सांगावे. काम बंद पडेल या भीतीने रात्रीतून माती लोटून टाकणारे आपल्यात आहेत. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण मुलासमोर रात्रीतून माती लोटली तर ते मूल जन्मभर काय शिकते, याचाही विचार व्हावा.

आता विहिरीच्या दगडाकडे येऊ. पुष्कळ विचारानंतर आम्ही त्या मुलाला असे उत्तर दिले: तो दगड परत नेऊन उपयोग नाही, कारण तो कोणत्या भिंतीचा, कोणत्या कमानीचा हे आता कोणालाही सांगता येणार नाही. तीच तर खरी हानी आहे, आणि ती भरून येत नाही. पण त्या दगडाची दुसरीही गोष्ट आता आहे. ती बैलगाडीची, रहाटाची, तुमच्या वाडीची. ती आजोबांना ठाऊक आहे. आजोबा आहेत तोवर ती लिहून घे. निळ्या नक्षीचा तुकडा मात्र त्याने त्याच दिवशी, जेथून उचलला होता तेथेच, स्वतःच्या हाताने ठेवला होता. जागा त्याला बरोबर आठवत होती.

गेल्या वर्षी तो आम्हाला पुन्हा भेटला. आता तो महाविद्यालयात शिकतो. आजोबा वारले आहेत. रहाट थांबून तर जमानाच लोटला; विहिरीचे पाणी खारट झाले आणि ती बुजवून तेथे बांधकाम करायचे घरच्यांनी ठरविले आहे. त्याने पिशवीतून शाळेची जुनी वही काढली. तिच्यात पेन्सिलीने काढलेले दगडाचे चित्र होते, फूटपट्टीने घेतलेली मापे होती आणि चार पानभर आजोबांचे बोलणे होते, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे. दगड त्याने ठेकेदाराच्या गाडीत जाऊ दिला नव्हता; तो अंगणात भेंडीच्या झाडाखाली आणवून ठेवला होता. "त्याच्यावर कोरून ठेवू का, कुठून आला ते?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "दगडावर नको. कागदावर लिही, आणि एक प्रत चर्चच्या दप्तरात दे."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही नातवंडांना पायरीपाशी बोलावले आणि पायरीचा दगड कोठून आला असावा, ते जेवढे ऐकून ठाऊक होते तेवढे सांगितले. कोणत्या साली आला, कोणी आणला, हे आम्हाला सांगता आले नाही. ज्यांना विचारायचे होते ती माणसे गेली, आणि ती होती तेव्हा आम्ही विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी विचारता येण्याजोगे कोणी अजून आहे, त्यांनी या रविवारी मिस्साहून परतल्यावर विचारावे.